सोलापूरचं ऊन, महाबळेश्वरचा पाऊस आणि एकच जॅकेट

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोलापुरातून पहाटे निघावं. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी या बाजूनं साताऱ्याकडं येताना माणदेशात अजून उन्हाळाच मुक्काम ठोकून असतो. दोन्ही बाजूंना बाभळी आणि उघडी रानं. दहा वाजताच डांबरावरून झळा उठायला लागतात. दुपारी मेढ्याच्या पुढं केळघर घाट चढायला घेतला की आधी धुकं भेटतं, मग भुरभुर सुरू होते आणि महाबळेश्वरच्या बाजारात पोचेपर्यंत पाऊस असा कोसळत असतो की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंची, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरलं की अंगातली हुडहुडी अर्ध्या तासात जाते आणि कोकणचा दमट उकाडा सुरू होतो. एक दिवस, साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर आणि तीन हवामानं. ॲडव्हेंचर बाईकवाल्याला याहून वेगळं काही शोधायला लांब जायची गरज नाही.

मी साताऱ्याची. या रस्त्यांवर गाडी चालवते म्हणून ओळखीतली पोरंपोरी गिअर, म्हणजे गाडीवर अंगावर घालायची जॅकेट, बूट, हेल्मेट, घ्यायच्या आधी विचारायला येतात. बहुतेकांच्या डोक्यात लडाख असतं. "ताई, खारदुंगला जायचंय, कुठलं जॅकेट घेऊ?" मी उलट विचारते, "मे महिन्यात गाडी कुठं चालवतोस?" उत्तर येतं, फलटण, बारामती, कधी लातूरला मामाकडं. मग मी सांगते, मामाच्या गावाला जाताना अंगावर राहील असं जॅकेट घे. लडाखचं आपण नंतर बघू.

यामागचं कारण साधं आहे. थंडी वाजली तर आत एक थर वाढवता येतो. पाऊस आला तर वरून एक थर चढवता येतो. उकाड्यात मात्र जॅकेटच्या स्वतःच्या जाडीतलं काहीही कमी करता येत नाही. फार तर जॅकेट काढता येतं, आणि माणसं तेच करतात. एप्रिलमध्ये बीड-परभणीच्या रस्त्यावर बघा, महागडं, सगळ्या ऋतूंसाठी म्हणून घेतलेलं जाड जॅकेट मागच्या सामानावर बंजी दोरीनं बांधलेलं असतं आणि चालवणारा टी-शर्टवर असतो. त्या जॅकेटचे खांद्याचे आणि कोपराचे, पडल्यावर आघात झेलणारे गार्ड कितीही चांगले असोत, त्या क्षणी ते बॅगेचं रक्षण करत असतात. म्हणून माझं ठाम मत आहे: अपघातापासून वाचवणारा थर आपल्या सगळ्यात तापलेल्या दिवसाच्या हिशोबानं निवडावा आणि पाऊस-थंडीची कामं वेगळ्या, स्वस्त, सुट्या थरांना द्यावीत.

असं म्हटलं की लगेच शंका येते, मेशचं जाळीदार जॅकेट रस्त्यावर घासलं तर टिकेल का? शंका रास्त आहे आणि उत्तर जाळी कुठं आहे यावर ठरतं. माणूस पडतो तेव्हा आधी खांदा, कोपर, दंडाची बाहेरची बाजू, ढुंगण आणि गुडघा जमिनीला लागतात. या जागी घट्ट विणीचं, जाड नायलॉनचं कापड हवं. छाती, पोट, बाहीची आतली बाजू इथं जाळी चालते. दुकानात जॅकेट टेबलावर पसरून नुसतं बोटानं चाचपलं तरी हे कळतं. खांद्यापासून मनगटापर्यंत सलग जाळीच जाळी असेल तर ते जॅकेट खाली ठेवावं.

मग आतली शिवलेली पट्टी वाचावी. युरोपात २०२० साली ईएन १७०९२ नावाचं मानक आलं. त्यात कपड्यांना एएए, एए, ए असे दर्जे आहेत. एएए सगळ्यात टणक आणि साहजिकच बहुतेक वेळा सगळ्यात जड आणि गरम. आपल्याकडच्या वापराला एए दर्जाचं हवेशीर जॅकेट मिळालं तर त्याच्या पुढं जायची गरज मला वाटत नाही. बी आणि सी हे दर्जेही पट्टीवर दिसतात, त्यांचा अर्थ मात्र वेगळा आहे. बी म्हणजे घासण्यापासून संरक्षण आहे पण आघात झेलणारे गार्ड नाहीत. सी म्हणजे नुसता गार्ड जागेवर धरून ठेवणारा कपडा, जो दुसऱ्या कपड्याबरोबरच घालायचा असतो. मुंबईची रायनॉक्स, बंगळूरची व्हायाटेरा अशा आपल्याकडच्या कंपन्यांमुळं हे सगळं आता ओळखीच्या दुकानात हातात घेऊन बघता येतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

गार्डच्या बाबतीत एक बारीक खूण आहे, ती फारसं कुणी बघत नाही. गार्ड खिशातून बाहेर काढला की त्यावर ईएन १६२१ हा आकडा आणि लेव्हल १ किंवा २ असं छापलेलं असतं. हातापायांच्या गार्डला ठरावीक जोराचा आघात देऊन पलीकडं किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे बल मोजायचं एकक) मुभा, लेव्हल २ ला २० पर्यंतच. आता याच छाप्यात कधी टी आणि त्यापुढं अधिक किंवा उणे चिन्ह असतं. अधिक म्हणजे हीच चाचणी ४० अंशांना घेतली आहे, उणे म्हणजे उणे १० अंशांना. हे मऊ गार्ड हळू दाबले तर वाकतात, जोरात आपटले तर क्षणात कडक होतात. पण उष्णतेनं ते ढिले पडू शकतात आणि थंडीत ताठरतात. चंद्रपूरच्या उन्हात उभी केलेली गाडी आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या सर्चूची थंडगार पहाट या दोन्हींतून एकच गार्ड जाणार असेल तर ही दोन्ही चिन्हं असलेला घ्यावा. आणि पाठीचा खिसा आवर्जून उघडून बघावा. कित्येक जॅकेटांत तिथं आकार दिलेला नुसता स्पंज असतो, ज्याच्यावर कुठलाच आकडा नसतो. पाठीचा गार्ड मग वेगळा विकत घ्यायचा.

उन्हाबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण इथं अनुभवी लोकही गोंधळतात. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. पण नागपूर-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा तोच वारा बाहेरची उष्णता आत आणून ओततो. घाम येतो तसाच उडून जातो, अंग कोरडं लागतं आणि माणसाला वाटतं की आपल्याला घामच येत नाही. पाणी कमी पडलेलं कळेपर्यंत डोकं दुखायला लागलेलं असतं. अशा वेळी सगळे व्हेंट, म्हणजे जॅकेटची हवा आत घेणारी तोंडं, सताड उघडण्यापेक्षा थोडे बंद करावेत, आतला शर्ट पाण्यानं भिजवावा आणि हवा बेतानं आत येऊ द्यावी. पाणी हळूहळू उडत राहतं आणि अंग गार राहतं. विदर्भात स्कूटरवरच्या मुली डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून का जातात, ते तिथल्या झळा खाल्ल्या की कळतं. ओल्या कापडाची ही युक्ती कोकणात मात्र अजिबात चालत नाही. चिपळूणला हवेतच इतका ओलावा असतो की शर्टातलं पाणी उडायला जागाच उरत नाही. तिथं व्हेंट पूर्ण उघडे ठेवायचे आणि गाडी चालत ठेवायची.

आता पाऊस. जॅकेटबरोबर आतून लावायचं रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, मिळतं, आणि विकणारा ते मोठ्या कौतुकानं दाखवतो. मला ते कधीच पटलेलं नाही. ताम्हिणीत पहिली सर आली की रस्त्याच्या कडेला उभं राहून संपूर्ण जॅकेट काढायचं, लायनर जोडायचं, तोवर भिजून झालेलं असतं. दुसरं म्हणजे बाहेरचं कापड पाणी पीतच राहतं. जॅकेट जड होतं, खिशातलं सगळं भिजतं आणि ते ओलं कापड वाऱ्यावर अंगातली ऊब शोषत राहतं. भर पावसाळ्यातसुद्धा महाबळेश्वरला दातावर दात आपटतात ते यामुळं. सगळ्यावरून घालायचं सुटं रेन जॅकेट आणि पँट हेच खरं. शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या, समोरच्या झिपवर दुहेरी झडप, मान झाकणारी कॉलर आणि रंग पिवळा किंवा भगवट. धुक्यात काळा रेनकोट घातलेला माणूस मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. रेन पँटचा पाय बुटावरून बाहेर सोडायचा आणि बाहीचं टोक ग्लोव्हच्या कफावरून घ्यायचं. हात हँडलवर असताना उतार मनगटाकडं असतो, कफ बाहेर ठेवला तर खांद्यावरचं पाणी ओघळून थेट पंज्यात साठतं.

रेनकोटाच्या कापडातल्या महागड्या, श्वास घेणाऱ्या पडद्याबद्दल नेहमी विचारलं जातं. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा तापवलेला दांडा झटक्यात ताणला आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ तयार झाला. पुढं त्याचंच गोअर-टेक्स कापड झालं. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ आपोआप जात नाही. आत उबदार आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं असा फरक असेल तरच ती बाहेर ओढली जाते. हिमालयात हा फरक भरपूर असतो, म्हणून तिथं हे कापड छान वागतं. जुलैमधल्या आंबोलीत किंवा सावंतवाडीत बाहेरची हवाच वाफेनं भरलेली, त्यात वरचं कापड चिंब. मग ओढ मंदावते आणि आत घामाच्या धारा लागतात. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी त्यावर मोठी रक्कम खर्च करू नये असं मला वाटतं. साधा चांगला रेनसूट घ्यावा आणि वाचलेल्या पैशात बूट घ्यावेत.

थंडीचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे, म्हणूनच मी लडाख नंतर म्हणते. ५ अंशांत ताशी ६० च्या वेगानं गाडी चालवली तर उघड्या कातडीला ते उणे २ च्या आसपास लागतं. लडाखमधली तांगलांगला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथं हवा विरळ, ऊन प्रखर, सावली बोचरी. त्याच दिवशी दुपारी लेहच्या बाजारात जॅकेटची झिप उघडावी लागते. अशा ठिकाणी आत अंगाबरोबरचा लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर दुमडून मूठभर होणारं पफर, म्हणजे फुगीर उबदार जॅकेट, मग आपलं नेहमीचं मेश आणि सगळ्यावरून तेच पिवळं रेन जॅकेट. वारा बाहेरच अडला की मेशच्या जाळीत अडकलेली स्थिर हवा उलट उबेचं काम करते. सुती बनियन मात्र घरी ठेवावा. तो घाम धरून ठेवतो आणि बारालाचा खिंडीतल्या वाऱ्यात अंगाला बर्फासारखा चिकटतो. बोटांची काळजी सगळ्यात आधी घ्यावी, कारण बधिर झालेली बोटं ब्रेकचा लिव्हर उशिरा दाबतात. ग्लोव्हचे दोन जोड लागतातच: एक पातळ, हवेशीर, बोटांच्या सांध्यांवर कडक गार्ड असलेला, आणि एक जाड, पाणी न शिरणारा. एकाच ग्लोव्हमध्ये दोन्ही शोधणाऱ्याला दोन्ही मिळत नाही.

बुटांबद्दल मी जरा आग्रहानं बोलते. ॲडव्हेंचरच्या नावाखाली आपण ज्या रस्त्यांवर जातो तिथं वेग थोडा असतो. वरंध घाटाच्या खडीत, मनाली-लेह रस्त्यावर झिंगझिंगबारच्या पुढच्या नाल्यात, चिखलात गाडी ताशी दहा-पंधराच्या वेगानं कलंडते. त्या वेगाला जॅकेट फारसं घासलं जात नाही. दोनशे किलोच्या आसपासची गाडी, त्यावर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पॅनियर (सामानाच्या पेट्या), आणि त्याखाली सापडतो तो घोटा. ट्रेकिंगचे बूट इथं अपुरे पडतात, कारण ते घोट्याला आधार देतात पण बाजूनं चिरडण्यापासून वाचवत नाहीत. बुटाच्या पट्टीवर ईएन १३६३४ आणि खाली चार आकडे असतात, १ किंवा २. उंची, घासण्याला टिकाव, कापण्याला टिकाव, आणि चौथा आडव्या दाबाचा. तो चौथा आकडा २ असलेला बूट बघावा. दोन्ही हातांनी तळवा कडेनं दाबून बघितला तरी फरक कळतो. ओढ्यातून जाताना पाणी बुटाच्या वरून आत शिरतंच आणि वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही. त्याला इलाज एकच, मुक्कामावर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर ठेवायचे आणि लोकरीच्या मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपायचा. पायात मोज्यावरून दुधाची पिशवी चढवणारे आमच्याकडचे दूधवाले काही चुकीचं करत नाहीत.

हेल्मेटवर लांबण लावत नाही. आयएसआय शिक्का कायद्यानं हवाच, त्याच्या जोडीला ईसीई २२.०६ हे युरोपातलं हेल्मेटचं मानक असेल तर उत्तम. पण हनुवटी झाकणारं घ्या. जर्मनीत डिएटमार ओटे या संशोधकांनी अपघातातल्या हेल्मेटांवरचे आघात मोजले तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर सापडले होते. व्हायझरला आतून पिनलॉकची, म्हणजे वाफ धरू न देणारी जादा काच लावून घ्यावी. घाटातल्या धुक्यात बाहेरचं धुकं आणि आतलं धुकं एकत्र झालं की थांबण्यावाचून पर्याय उरत नाही.

एवढं सगळं वाचून, तपासून झाल्यावर कपडा अंगावर कसा बसतो ते बघायचं राहतं, आणि आरशासमोर उभं राहून ते कळत नाही. दुकानदाराला सांगून स्वतःच्या गाडीवर बसावं. हात हँडलवर, मग फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहावं, कारण खराब रस्त्यावर आपण उभेच असतो. बसल्यावर गुडघ्याचा गार्ड गुडघ्याच्या वाटीवर आहे की नडगीवर घसरला? हात ताणल्यावर कोपराचा गार्ड कोपरावर राहतो की दंडाकडं सरकतो? खांदा-दंड-कंबरेचे पट्टे ओढून गार्ड जागेवर घट्ट राहिला तरच त्याच्यावरच्या आकड्याला अर्थ. बायकांच्या मापाचं गिअर आपल्याकडं अजून मोजकंच मिळतं आणि विकणारे पुरुषांचंच लहान माप पुढं करतात. त्यात खांदे रुंद आणि कंबर आवळ असते, कोपराचा गार्ड हमखास घसरतो. मुलींनो, अशा वेळी "चालवून घ्या" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दुसरं मागवायला लावा.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? रविवारी ठोसेघरच्या रस्त्यावर जोड्या दिसतात. पुढचा नखशिखांत गिअरमध्ये, मागची सलवार-कमीज, चपला आणि अर्धं हेल्मेट. पुढच्याच्या हातात निदान हँडल असतं, समोरचा खड्डा त्याला दिसत असतो. मागच्या माणसाला पडण्याची कसलीच चाहूल नसते. त्यात हौशी लोक गाडी देखणी दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकतात. मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार लागतं, आणि ते ओढणी-पदर चाकात जाऊ नये म्हणूनच आहे.

माझ्या मागे बऱ्याचदा आई बसते. औंधला यमाईला जायचं ठरलं तेव्हा तिच्यासाठी जॅकेट आणलं. ती म्हणाली, "अगं, देवीला जायचं आणि हे असलं चढवून?" मी म्हटलं, "पायथ्याला काढून मागच्या टॉप बॉक्समध्ये, त्या पेटीत ठेवू, आई. वर जाताना साधीच जा." तिला ते पटलं. जॅकेट मेशचं, दंडाला आणि कंबरेला पट्टे असलेलं. ते मोकळे सोडले की आत स्वेटर मावतो, आवळले की गार्ड कोपरावर बसतो. ओढणी ती आता घरूनच जॅकेटच्या आत खोचून, झिप गळ्यापर्यंत लावून निघते. घोटा झाकणारे बूट तिनं स्वतः निवडले, चेनचे, कारण खाली वाकून नाडी बांधणं तिला जमत नाही. तिच्या मापाचा रेनसूट मात्र अजून मिळालेला नाही. सध्या माझाच तिला देते आणि पाऊस दिसला की आम्ही थांबतो.